भिंतीपुढचा उंबरा

माझ्या नातीनं मला ठोकळ्यांचा गेम शिकवला तेव्हा मी पंचावन्न-छप्पन वर्षांची होते. म्हणजे आजच्या मानानं अगदीच कोवळी, आणि अक्कलही वयाला शोभेल अशीच कोवळी.

त्या बाईला, म्हणजे तेव्हाच्या मला, एका जागी बसता येत नसे. आता तिच्याकडे लांबून बघते तेव्हा मला घरात सोडलेली कोंबडीच आठवते. हॉलमधून स्वयंपाकघरात, तिथून मागच्या दारी, मागच्या दारातून जिन्यानं गच्चीवर, गच्चीवर गेल्यावर आपण कशाला आलो ते विसरून परत खाली. सून म्हणायची, "आई, जरा टेका की कुठंतरी." टेकायचं कुठं, हाच तर प्रश्न होता. आमच्या घरात माणसांपेक्षा फरशीची खोकी जास्त. ह्यांचं फरशीचं दुकान. दुकानात न मावलेला माल घरी यायचा आणि घरी आलेला माल परत जायचा नाही. पाहुण्यांना आम्ही खोक्यांवर चादर टाकून बसवत असू. माझं कपाटही अर्धंच उघडायचं, कारण पुढं कोटा फरशीचे तुकडे उभे केलेले.

मला खोली पाहिजे होती. हे वेड जुनं, नव्वदच्या सुमाराचं. उचगावच्या बाजूला आम्ही प्लॉट घेतला, घर बांधायला काढलं, इंजिनिअर नकाशा घेऊन आला. टेबलावर कागद पसरलेला, हे त्यावर वाकलेले, आणि मी चहा घेऊन गेले. कप ठेवता ठेवता म्हणाले, "मला एक खोली पायजे."

"कशाला?" ह्यांनी मान वर न करता विचारलं.

उत्तर तयार करून जायला नको का? पण नाही. चाळिशीकडं झुकलेली बाई, दोन पोरांची आई, शाळेत फळ्यापुढं उभं केलेल्या पोरीसारखी गप्प.

"देवाला? ते काढलंय की. शिवणकामाला?"

"बसायला," मी म्हणाले.

हे असे हसले की इंजिनिअरला पण हसावं लागलं. "अगं, सगळं घर तुझंच हाय की! कुठं पण बस."

सगळं घर माझं. झाडायला, पुसायला, दिवेलागणीला दिवे लावायला. मी ट्रे उचलला आणि आत गेले. आतल्या आत चार शब्द सुनावले, पण ते आतच राहिले. तेव्हा माझं सगळंच आतल्या आत चालायचं. तोंड फक्त "आणखी चहा देऊ?" म्हणायला उघडायचं.

सासूबाई तेव्हा होत्या. त्या सीमेकडच्या, अर्ध्या कानडी. आम्ही त्यांना अव्वा म्हणायचो. अव्वांचा एक कायदा होता: दिवसा खोलीचं दार लावायचं नाही. कुणी लावलंच तर त्या बाहेरून ओरडायच्या, "यव्वा! दार लावाय काय बाळंतीण हाईस?" त्यामुळे नव्या घरात दारं आली, पण आतल्या बाजूला कड्या आल्या नाहीत. कडी फक्त न्हाणीघराला. मी तिथं जाऊन बसायची. बादली पालथी घालायची आणि तिच्यावर बसायचं, नळ बारीक सोडून ठेवायचा. जरा बरं वाटायला लागलं की दारावर थाप. "पाय घसरला काय गं? बोल की! तोंडात पाणी हाय काय?"

एकदा तर कहर केला. दुपारी स्टँडवर गेले आणि हुपरीच्या गाडीत बसले. हुपरी चांदीच्या दागिन्यांचं गाव, पण मला तिथं काम काहीच नव्हतं. खिडकीची जागा मिळाली होती आणि तासभर कुणी हाक मारणार नव्हतं, एवढंच. जाऊन आले. घरी पाय ठेवला तर अव्वा दारातच.

"कुठं गेलतीस?"

"हुपरीला. पैंजणाला पॉलिश करून आणाय."

अव्वा आत गेल्या, माझ्या कपाटाच्या फटीत हात घातला आणि पैंजण बाहेर काढून माझ्यासमोर वाजवले. "मग ह्ये कोण घालून बसलंय हितं?"

चार दिवस सगळ्या गल्लीत माझी चर्चा. थापसुद्धा धड मारता न येणाऱ्या बाईनं पुढं लपवाछपवीच्या खेळात उतरावं, म्हणजे धाडसच.

अव्वा गेल्या. लेकाचं लग्न झालं, नात आली, नात शाळेत जाऊ लागली. खोकी मात्र वाढतच राहिली. मग दोन हजारचं दशक संपता संपता लेकानं घरावर मजला चढवायला काढला. त्यांना दोन खोल्या, आणि जिना संपतो तिथं एक छोटीशी. ती छोटी बघून मी पावलांनी तिची लांबी मोजली. पण ह्यांनी वर जाऊन नुसती नजर फिरवली आणि म्हणाले, "ही सँपलच्या फरशीला झकास. गिऱ्हाईक आलं तर घरीच दाखवता येतंय."

मी मान हलवली. होकारार्थी हलवली, हे मुद्दाम सांगते.

त्या दिवसांत माझी अस्वस्थता फारच वाढली. गवंडी वर ठोकत असायचे आणि मी खाली फिरत असायची. भांडी घासलेली परत घासायची. डाळ निवडलेली परत निवडायची. नातीनं एकदा माझा पदर धरून मला खाली बसवलं. "आज्जी, बस गप. मी तुला एक दाखवतो." आमच्याकडच्या पोरी अशाच बोलतात, मी जातो, मी येतो. माझंही लहानपणी तसंच होतं, लग्नानंतर गेलं.

कॉम्प्युटर लेकानं दुकानाच्या हिशेबासाठी आणलेला. हॉलमध्ये, प्लॅस्टिकच्या झाकणाखाली, दसऱ्याला लावलेलं हळदीकुंकू अजून त्याच्या कपाळावर. नातीला शाळेतल्या कुणीतरी हा फुकटचा गेम सांगितला होता. पडद्यावर गवत, पाणी, डोंगर, झाडं, आणि सगळं चौकोनी. ठोकळा काढायचा, दुसरीकडं ठेवायचा. मारामारी नाही, वेळ लावलेली नाही, कुणी मरत नाही. मी पहिल्या दिवशी सरळ तळ्यात गेले आणि तळाशी चालत राहिले. नात हसून हसून खुर्चीवरून पडली.

"आज्जी, वर ये! वर ये की!"

"बरं हाय की खाली. कुणी न्हाई."

मग तिनं मला तिची गुपित खोली दाखवली. झाडाच्या बुंध्याखाली एक ठोकळा काढला, आत शिरली, मागं ठोकळा परत बसवला. बाहेरून बघितलं तर नुसतं गवत. आत चारी बाजूंनी भिंती.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"काय न्हाई. बसायचं."

दहा वर्षांच्या पोरीनं ते इतकं सहज सांगितलं. मला इंजिनिअरचं हसणं आठवलं आणि मी तिच्याकडून माउस काढून घेतला.

तेव्हापासून नात सकाळच्या शाळेला गेली की मी कॉम्प्युटरपुढं. तेव्हा भारनियमन जोरात होतं. पहिली खोली मी निम्मी बांधली आणि लाइट गेली. कॉम्प्युटरखालचा बॅटरीचा डबा पीं पीं करत राहिला आणि मी खुर्चीभोवती फिरत राहिले, काय दाबायचं ते कळेना. खोली गेली. दुसरी बांधली ती उलटी, दार ठेवायचंच राहून गेलं आणि मी बाहेर. तिसरीला मी स्वतःलाच गाडून घेतलं. पण रोज बांधत होते. सुनेला वाटलं सासूबाई कॉम्प्युटर शिकतायत. तिनं शेजारी अभिमानानं सांगितलंसुद्धा.

एक दिवस हे दुपारी जेवायला लवकर आले आणि मला त्या अवस्थेत बघितलं. ताटावर बसल्यावर बोलणं सुरू झालं. भाकरी मोडता मोडता म्हणाले, "हिशेबाला आणलेल्या मशीनवर तू काय खेळालीस?"

नात मध्येच म्हणाली, "आजोबा, आज्जी गुपित खोली बांधती. कुणाला सापडणार न्हाई अशी."

"ही?" हे हसले. तेच हसणं. "अगं, हिनं लपवलेली गुळाची ढेप मला डोळं मिटून सापडती. ही खोली लपवणार?"

आणि इथं त्या बाईचं डोकं फिरलं. चटणीची वाटी खाली आपटून ती म्हणाली, "शोधून दावा."

"काय लावतीस?"

"वरची खोली. न्हाई सापडली तर माझी."

हात तोंडाकडं नेता नेता लेक थांबला. सून आमटीचा डाव हातात घेऊन उभी. ह्यांनी माझ्याकडं जरा बघितलं. ह्यांना वाटलं असणार, चेष्टा आहे. "आणि सापडली तर?"

"तर ठेवा तुमची फरशी."

पंच नात झाली. तिनं नियम घातले: बांधताना कुणी बघायचं नाही, तिनंही नाही. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी आजोबांनी शोधायची. अंधार पडायच्या आत सापडली तर त्यांची.

तुम्ही म्हणाल, खरी खोली पाहिजे तर सरळ मागायची. मागितली होती की एकदा. चौकोनी गवताच्या डोंगरावर खोली पणाला लावणं मला सरळ मागण्यापेक्षा सोपं वाटलं, यावरून ती बाई किती शहाणी होती ते समजा.

बांधली मात्र झकास. दगडी कडा होता, त्याच्या पोटात. पुढं गवत, मागं डोंगर, आजूबाजूला एकही झाड नाही. कड्याचा दगड आणि दाराचा दगड एकाच रंगाचे, फट नाही, खूण नाही. पुरावा नको म्हणून खणून काढलेली माती लांब तळ्यात टाकून आले. आत काहीच ठेवलं नाही. नात आत फुलं लावायची, मी तीही लावली नाहीत. आत गेले, मागं ठोकळा बसवला आणि हात माउसवरून काढून मांडीवर ठेवला. राखाडी भिंती. वर गवंड्याची ठोकठोक चाललेली, रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता. टेबलाखाली माझा पाय हलायचा थांबला होता. हे मला मागाहून कळलं, कारण तो परत हलायला लागला.

सुट्टीचा दिवस आला. हे आंघोळ, पूजा करून, कपाळावर विभूती लावून कॉम्प्युटरपुढं बसले. माउस ह्यांच्या हातात, बटणं नातीकडं. हे तिला ट्रक मागं घेणाऱ्या ड्रायव्हरला सांगावं तसं सांगत होते. "डावीकडं घे. आणखी घे. चल, चल, चल... बास!" तळ्याचा तळ खणला. झाडांची मुळं उपसली. नातीची जुनी खोली सापडली तेव्हा ह्यांनी टाळी वाजवली आणि नातीनं "ती माझी हाय, चालत न्हाई" म्हणून सांगितल्यावर तोंड वाकडं केलं. दुपारी जेवून परत बसले. मी मागं येरझाऱ्या घालत होते. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आणि परत. एकदा हे कड्याजवळून गेले, पण थांबले नाहीत, आणि मला वाटलं, जिंकले. वरच्या खोलीत चटई कुठं टाकायची तेसुद्धा मी ठरवून टाकलं.

उन्हं उतरायला लागली. हे वैतागले. "चल, जाऊ दे. चहा टाक गं," म्हणाले आणि खुर्ची मागं सरकवली. नातीनं सहज म्हणून पडदा एकदा गर्रकन फिरवला.

"थांब!" हे म्हणाले. "मागं घे. आणखी मागं. हे काय?"

दगडी कडा. कड्यापुढं गवत. आणि गवतात, कड्याला अगदी चिकटून, पिवळ्या लाकडाची एक पट्टी. जमिनीबरोबर, नीट, सरळ.

ती मी बसवली होती. कधी बसवली ते आठवत होतं, का बसवली ते आठवत नव्हतं. पहिल्यांदा आत शिरताना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं होतं, पाय अडल्यासारखा. मग दोन लाकडी ठोकळे आणून दाराखाली बसवले आणि पाय आत गेला. एवढंच. डोकं माती लपवण्यात गुंतलेलं, आणि हातानं आपलं काम केलेलं.

"उंबरा!" हे ओरडले. "दार न्हाई आणि उंबरा हाय! अगं, भिंतीपुढं उंबरा कोण बसवतंय?"

लेक धावत आला, सून आली. हे खुर्चीवर मागं रेलून हसत होते, डोळ्यांतून पाणी. "आयुष्य गेलं माझं उंबऱ्याचे पट्टे विकण्यात. गिऱ्हाईक हॉलला साधी फरशी घालंल, न्हाणीला तुकडे लावंल, पण उंबरा? घरातली बाई दुकानात आली की पैला उंबरा बघणार. आणि ही बया डोंगराला उंबरा लावून बसलीय!"

ह्यांनी ठोकळा काढला. आत गेले.

"आत काय न्हाईच की," हे म्हणाले.

"न्हाईच," मी म्हणाले.

"मग कशाला एवढं?"

मी चहा टाकायला गेले. साखर घातली का नाही ते आठवेना म्हणून परत घातली. सगळ्यांनी तो पाक गपचूप प्याला.

एवढ्यावर संपलं असतं तर मी ह्या वयात हे लिहायला बसले नसते. हरले, गप्प बसले, असं माझ्या आयुष्यात बऱ्याचदा झालं होतं. पण ह्यांना चटक लागली. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मला म्हणाले, "जरा तुझ्या खोलीत बसून येतो." नातीनं आत नेऊन सोडलं, मागं ठोकळा बसवून दिला. हे बसले. एकही बटण दाबलं नाही. खिशात मोबाइल वाजला, ह्यांनी तो वाजू दिला. दिवसभर "हे दाखवा, ते दाखवा" म्हणणाऱ्या माणसांत उभा राहिलेला माणूस, खांदे खाली सोडून पडद्याकडं बघत होता.

"बरं वाटतंय की गं हितं," म्हणाले.

मला तेव्हा राग आला नाही. उलट त्यांच्या पाठीकडं बघून वाटलं, ह्यांना पण कळतंय तर. असं चार-सहा दिवस चाललं. बटणंही हळूहळू ह्यांच्या हाताखाली आली. मी म्हटलं, बसू दे. सकाळी मी, दुपारी हे. खोटी का होईना, एक खोली आम्ही वाटून घेतली.

मग एका सकाळी मी आत गेले आणि भिंतीला धडकले.

आत भिंत नव्हती आधी. मागं झाले, बाजूला झाले, परत धडकले. खाली बघितलं तर काळा-पांढरा बुद्धिबळाचा पट. भिंतींना निम्म्या उंचीपर्यंत वेगवेगळ्या रंगांचे ठोकळे, ओळीनं, दुकानात सँपल लावतात तसे. आणि मध्ये, छतापर्यंत, एकावर एक रचलेली थप्पी. मला उभं राहायला एका ठोकळ्याची जागा. वळता येईना.

ह्यांनी माल भरला होता.

मी उठले. गॅस बंद केला का ते बघितलं, चपला घातल्या आणि चालायला लागले. रिक्षा थांबवायचं सुचलंच नाही. उन्हातून, ट्रकच्या धुळीतून, दुकानापर्यंत तशीच. पदर कुठं, केस कुठं. दुकानात एक पाहुणं बाथरूमची फरशी बघत बसलेलं, खेड्यातलं, धोतर नेसलेलं, मांडीवर निळ्या फुलांचा तुकडा.

"माझ्या खोलीतला माल काढा," मी म्हणाले.

हे गोंधळले. "कुठल्या खोलीतला? वरच्या? तिथं अजून प्लास्टर वाळलं न्हाई."

"डोंगरातल्या!"

पाहुण्यानं मान वर केली. "वैनी, डोंगरात खोली हाय तुमची? गगनबावड्याला काय?"

"न्हाई हो—" हे म्हणाले.

"तसं असलं तर ही गुळगुळीत घालू नका. पाऊस लई तिकडं. शेवाळ धरतंय. माझा मेव्हणा पडला की."

"पावणं, जरा थांबा," हे म्हणाले आणि माझ्याकडं वळले. आवाज खाली आणला. "अगं, काय करालीस? ती खोटी खोली हाय की."

"खोटी!" माझा आवाज वर गेला. इतका वर की मागं फरशी कापणाऱ्या पोऱ्यानं मशीन बंद केलं. "खोटीसुद्धा ठेवत न्हाईसा तुम्ही! घर बांधताना मागितली तवा हसलासा. सगळं घर तुझं म्हणालासा. कुठं हाय ते सगळं घर? कपाट उघडत न्हाई माझं! वरची पैजेत घेतलीसा, घ्या. हरलो मी. पण डोंगर माझा हुता, दगड माझा हुता, आत काय नव्हतं म्हणून तर बांधली हुती! तिथं पण थप्पी लावलीसा?"

"गिऱ्हाइकाला दाखवाय बरं पडंल म्हणून—"

"कुठलं गिऱ्हाईक येणार हाय हो तिथं?"

खरंच, कुठलं येणार होतं? नंतर मला हसू आलं ते ह्याचंच, की त्या माणसानं कुणासाठी भरला माल? जागा रिकामी दिसली आणि हात चालले, माझे उंबऱ्याला चालले तसे. पण त्या क्षणी हसू कुठलं.

"बाथरूमला देऊ का मग ही निळी?" हे पाहुण्याला म्हणाले.

"द्या की," पाहुणं म्हणालं. मग फरशीवरून बोट फिरवत, माझ्याकडं न बघता, "आणि मालक, वैनींची खोली पण देऊन टाका. कशाला वाद."

मी घरी आले. पायाला फोड आला होता. दिवसभर मी काय केलं ते आठवत नाही, पण रात्रीच्या जेवणाला भाकरी इतक्या झाल्या होत्या की दुसऱ्या दिवशीही पुरल्या.

हे नेहमीच्या वेळेला आले. हात-पाय धुतले. जेवले. नात भात चिवडत बसली. हात धुऊन टॉवेलला पुसताना ह्यांनी मला विचारलं, "कडी आतनं लावायची का भायरनं?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, वरच्या खोलीचं चाललंय.

"आतनं," मी म्हणाले.

"बरं," हे म्हणाले आणि बातम्या लावल्या.

त्यावर आमच्यात कधी बोलणं झालं नाही. आजतागायत नाही. गेममधली थप्पी मात्र ह्यांनी काढली नाही. म्हणाले, राहू दे, बरी दिसती. आणि दुपारी तिथं जाऊन थप्पीशेजारच्या एका ठोकळ्यावर उभं राहू लागले.

वरची खोली पूर्ण झाली. खाली साधी शहाबादी, पांढऱ्या भिंती, एक खिडकी. मी चटई टाकली. दार लावलं, कडी घातली. मी आयुष्यभर ज्याच्यासाठी धडपडले ते हे, आता बसावं. बसले. मांडी घातली, बदलली, पाय पसरले. उठून खिडकीतून बघितलं. परत बसले. खाली कुकरची शिट्टी झाली. आता हाक येईल. आली नाही. कुणीतरी कुकर उतरवला. माझ्याशिवाय! दाराला कान लावून मी उभी राहिले. सून फोनवर बोलत होती, ह्यांचा टीव्ही चालू होता, कुणालाच काही अडलं नव्हतं. मला इतकं वाईट वाटलं की मी कडी काढून खाली आले.

"काय पायजे आई?" सून म्हणाली.

"काय न्हाई. मीठ बघितलं का आमटीला?"

"बघितलं. जावा तुम्ही, बसा."

ह्यांनी टीव्हीवरची नजर न काढता विचारलं, "एवढ्यात कट्टाळलीस व्हय?"

मी परत वर गेले. परत कडी घातली. ह्या खेपेला चटईवर सरळ उताणी पडले, लहान पोरीसारखी, हात दोन्हीकडं टाकून. छताला गवंड्याच्या थापीचे गोल वळसे होते, ते बघत राहिले. तेवढ्यात खालून फाटक वाजलं. शेजारच्या वहिनी. त्यांचा आवाज आमच्या गल्लीत कुणालाही चुकत नाही.

"आज्जी हाय काय गं?"

"हाय," नात म्हणाली.

"बोलव की."

"आत्ता न्हाई यायची."

"का? आजारी हाय?"

"न्हाई."

"झोपलीय?"

"न्हाई."

"मग काय करालीय?"

मी श्वास धरून ऐकत होते.

"काय न्हाई करालीय," ती ठणकावून म्हणाली.

मग फाटकाची कडी वाजली, पण त्या जाण्याऐवजी आत आल्या. "बरं, मग मी बसतो हितं. 'काय न्हाई' करून झालं की मी आलोय म्हणून सांग तिला."

खाली खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. मला उठावंसं वाटलं. पाहुणा बाहेर ताटकळत असताना आत पडून राहणं, हे मी कधी केलं नव्हतं. उजव्या पायाचा अंगठा जोरजोरात हलायला लागला. मी त्याच्याकडं बघितलं आणि त्याला हलू दिलं. बाकी मी काही उठले नाही.